दाई, दाय आणि खैरूनबीची पायरी

आधीच सांगते, माझं शुद्धलेखन कच्चं आहे. शाळा चौथीपर्यंत झाली, तीही सुपारी सोलायचे दिवस आले की घरी राहून. वेलांटी पहिली कुठे आणि दुसरी कुठे हे मला कधी नीट उमगलं नाही. अक्षर तर असं की दुसऱ्या दिवशी माझं मलाच लागत नाही. बोटंही आता वाकडी झाली आहेत. वाचणाऱ्याने सांभाळून घ्यावं. वाचणारं कुणी असेलच असंही नाही म्हणा. आमच्या वाचनालयाचा दिवाळी अंक निघतो, त्याच्यासाठी नात मागे लागली, “आजी, तुझ्या कामाचं लिही, मजेदार गोष्टी लिही.” म्हणून बसले. पण मजेदार गोष्टी दोन-चारच निघाल्या आणि मग जी निघाली ती अंकात द्यावीशी वाटेना. तेव्हा हे माझं मीच लिहिते आहे.

मी चौलची. आमच्या आळीत माझ्या कामाला सुईण म्हणतात आणि मोहल्ल्यात दाई. दोन्हीकडे मीच जायची. माझी सासू हे काम करायची, तिच्या हाताखाली मी शिकले. आधी नुसतं पाणी तापवायचं, मग बाळंतिणीची पाठ धरून बसायचं, मग एक दिवस सासू म्हणाली, “आज तू पुढं बस.” पुढे सरकारने आम्हा बायकांना शिकवलं, साबण, नवं पातं, उकळलेला दोरा असलेली पेटी दिली. मूल आडवं असेल, बाईला आधीच अंगावर जात असेल, तर हात लावायचा नाही, गाडी बोलवायची. ते मी काटेकोर पाळलं.

आता बाळंतपणं दवाखान्यातच होतात, आणि ते बरंच आहे. दाईकडे उरलं ते नंतरचं. बाळंतीण घरी आली की रोज सकाळी जायचं. खोबरेल कोमट करून तिचं अंग चोळायचं, कढत पाण्याने न्हाऊ घालायचं, शेगडीवर ओवा-शेपा टाकून धुरी द्यायची, पोट बांधायचं. मग बाळ. पाय लांब करून पाटावर बसायचं, बाळ पायांवर पालथं घ्यायचं आणि पाणी घालायचं. टाळू तेलाने भरायची. पायावर बाळ आलं की मला बोलायला लागत नाही. मी लहानपणापासून बुजरी. चार माणसांत माझ्या तोंडून शब्द फुटत नाही. या कामात कुणी बोलायला सांगत नाही म्हणून ते मला आवडलं.

या कामाला एक रीत आहे, ती सांगायला हवी. चाळीस दिवस झाले की शेवटचं न्हाण घालायचं. मोहल्ल्यात त्याला चिल्ला म्हणतात. त्या दिवशी दाईला लुगडं, तांदूळ, नारळ आणि ठरलेले पैसे मिळतात. दाईने बाळाच्या टाळूवर शेवटचं बोट तेल ठेवायचं आणि पायरी उतरायची. त्यानंतर बोलावल्याशिवाय ती पायरी चढायची नाही. सासूने मला पहिल्या दिवशीच बजावलं होतं. “दाई दारात दिसली की शेजारीण महिने मोजायला लागते. आणि घरच्यांना वाटतं, आली अजून काही मागायला. आपलं काम संपलं की आपण त्या घरात नव्हतोच असं ऱ्हायचं.” पन्नाशी उलटली तरी मी ही रीत एकदाही मोडली नव्हती. त्याचा मला अभिमान होता.

नातीला हव्या होत्या त्या मजेदार गोष्टी आधी लिहिते. समुद्राकडे मुंबईच्या लोकांचे बंगले झाले, त्यातल्या एका बंगल्यावर नेपाळी राखणदार होता. त्याची बायको अडली, गाडी यायला वेळ होता, म्हणून मला नेलं. ती सारखी “दाइ, दाइ” करत होती. मी तिचा हात धरून दर वेळी सांगते, “आले गं, इथंच आहे मी.” ती माझा हात झिडकारते आणि दाराकडे बघते. शेवटी नवरा खाली मान घालून म्हणाला, “मावशी, वो अपने बडे भाई को बुलाती है. हमारे में दाइ बोले तो बडा भाई.” भाऊ शेजारच्या बंगल्यावर माळी होता. तो येऊन दाराबाहेर बसला तेव्हा कुठे ती शांत झाली. गाडी आली आणि ती दवाखान्यात मोकळी झाली. माझं काही काम पडलंच नाही, तरी त्या भावाने मला एक भली मोठी पपई दिली.

दुसरी वीटभट्टीवरची. छत्तीसगडकडची माणसं भट्टीवर येतात. तिथल्या एका पोरीने माझ्या गळ्यात हात टाकले आणि ओरडायला लागली, “दाई ओ, मर जाहूं ओ.” मी म्हटलं, चला, हिला तरी दाईच पाहिजे. नंतर तिची जाऊ हसून मला म्हणाली, “हमर में दाई माने महतारी.” म्हणजे आई. ती आईला हाक मारत होती आणि ओ मी देत होते. तेव्हा मीही हसले. घरी येऊन सासूच्या फोटोसमोर दिवा लावताना सांगितलं सुद्धा, बघा, तुमच्या धंद्याला कुठे कुठे काय काय म्हणतात.

सेवदा आली तेव्हा मात्र हसू आलं नाही.

मोहल्ल्यात खैरूनबीचं घर आहे. नवरा लवकर गेला, एकच मुलगा, इरफान. त्यालाही मीच पायावर न्हाऊ घातलेलं. तो जहाजावर स्वयंपाकी होता. आमच्याकडची बरीच मुलं आखातात किंवा जहाजावर जातात, तसाच हाही. पण सुट्टीत आला तो बायको घेऊन. काळ्या समुद्राच्या काठी कुठलं बंदर आहे, तिथली. मुसलमानच, पण गोरी नाही, आपल्यासारखीच सावळी, नाक सरळ, लांब वेणी. लोकांना वाटलं विलायतेची मड्डम येणार. खैरूनबी शेजारणीला म्हणाली, “इतका समुद्र फिरला आणि आणली ती आपल्यासारखीच. ही तर चौलच्या बाजारात पण मिळाली असती.” पण सुनेला चार जणींत मिरवली तिने. सेवदा नाव तिच्या जिभेवर बसेना म्हणून सईदा केलं.

मुलगी अलिबागला दवाखान्यात झाली. इरफान मुलीचं तोंड बघून, तिची कागदपत्रं करून पुन्हा जहाजावर गेला आणि मला बोलावणं आलं.

पहिले काही दिवस सेवदा अंगाला हात लावू देईना. खैरूनबी दारातून म्हणायची, “दाई, लाजते हाय ती. तू पण लाजतेस. दोघींचं तेल थंड होऊन जाईल.” मग एक दिवस मी तिच्या कानामागे तेल लावत होते, उगीच बोलायचं म्हणून म्हटलं, “कान.” ती चमकून वळली. म्हणाली, “कान.” मी तिच्या नाकाला बोट लावलं. “नाक.” ती म्हणाली, “नाख.” दात दाखवले तर “दांद.” तांब्याकडे हात केला तर “पानी.” केसांना ती बाल म्हणाली तेव्हा खैरूनबी आतून बाहेर आली. “इरफानने शिकवलं असेल.” पण ते इरफानने शिकवलेलं नव्हतं. सेवदा बोटं मोजून दाखवायला लागली, येख, दुय, त्रिन, श्तार, पांज. खैरूनबी वेताच्या मोढ्यावर बसली ती बसलीच. त्या दिवशी बाळाचं पाणी निवलं आणि परत तापवावं लागलं.

तिच्या मोडक्या हिंदीतून आणि इरफानच्या फोनवरून हळूहळू कळलं ते असं. तिचे लोक स्वतःला रोम म्हणतात. त्या मुलखात बाकीचे त्यांना दुसऱ्या नावाने बोलावतात, ते नाव तिला आवडत नव्हतं. फार फार पूर्वी ते आपल्याच बाजूने चालत गेले, म्हणून त्यांच्या भाषेत हे शब्द उरले. पण गावागणिक, टोळीगणिक त्यांची बोली वेगळी. एकीचा शब्द दुसरीला लागतोच असं नाही.

ती मला दाय म्हणायची. मी म्हटलं, दाईच म्हणते आहे, तिच्या जिभेने. पुष्कळ दिवसांनी, बाळ पायावर असताना, तिने मला समजावलं. त्यांच्यात दाय म्हणजे आई. तिच्या शेजारी दुसरे रोम राहायचे, ते देय म्हणत. पण त्याच गल्लीत तुर्की बोलणारे होते, त्यांच्यात दायी म्हणजे मामा. “मैं छोटी थी, मुझे लगता, उनका मामा उनकी माँ है,” म्हणाली, आणि पहिल्यांदा मोठ्याने हसली. फुरी म्हणजे म्हातारी. तिच्या घरात फुरी दाय म्हणजे आजी. पण गावाबाहेर गाड्यांतून फिरणारे रोम उतरायचे, त्यांच्यात फुरी दाय कुणा एकट्याची आजी नसते. ती सगळ्या टोळीची. भांडण झालं, लग्न मोडलं, कुणी रुसून निघालं, तर ती येऊन एक शब्द बोलते आणि तिच्यापुढे कुणी जात नाही. आणि काही घरांत आजीला मामी म्हणतात. हे ऐकून खैरूनबी म्हणाली, “हे आमच्या शरीफामामीला सांगू नको बाय. ती केस काळे करत्ये अजून.”

सेवदाची आई ती लहान असतानाच वारली होती. आजीने, तिच्या फुरी दायने, तिला वाढवलं.

हे सगळं मला कळलं होतं. कुणी म्हणेल तुला शब्द समजला नाही. तसं नाही. समजला होता.

चिल्ल्याच्या दिवशी खैरूनबीने मला निळं लुगडं दिलं, तांदूळ दिले, पैसेही ठरल्यापेक्षा जास्त. मी बाळाच्या टाळूला तेल लावलं आणि पायरी उतरले. सेवदा मागून दारापर्यंत आली. तिने माझा पदर धरला. “कल?” मी म्हटलं, “बोलावलंस तर येईन.” ती खैरूनबीकडे बघायला लागली. खैरूनबी म्हणाली, “आता कशाला? आता आपली आपण करू. दाईला दुसरी घरं हायेत.” तिच्या बोलण्यात वाईट काही नव्हतं. रीतच तशी आहे. मी पदर सोडवून घेतला.

माझा सुपारीच्या वाडीकडे जायचा रस्ता त्या घरावरून होता. सकाळी न्हाण्याच्या वेळेला सेवदा मुलीला घेऊन खिडकीत उभी असायची. मी जाताना हात हलवायची. काही दिवसांनी मी देवळामागच्या वाटेने जायला लागले. लांब पडायची ती वाट, पण मला त्या खिडकीखालून जाववेना आणि थांबताही येईना.

मुलगी चालायला लागली त्या सुमारास एका सकाळी सेवदा माझ्या पडवीत येऊन उभी राहिली. मुलगी कडेवर. डोळे सुजलेले. तिची आजी आजारी होती, वाचायची नव्हती, आणि सारखं हिचं नाव घेत होती. इरफानचं जहाज कुठेतरी लांब होतं, फोन लागत नव्हता. खैरूनबी म्हणत होती, इरफानशी बोलणं होईपर्यंत थांब, एकटी बाई लहान पोरीला घेऊन कुठे जाते, गेलीस तर परत येशील कशावरून. घरातले पैसे खैरूनबीच्या हातात.

मी मनात हिशेब केला. पडवीवर नवे पत्रे घालायला मी पैसे साठवले होते. डब्यातून काढून तिच्यासमोर ठेवले.

तिने पैशांकडे बघितलंच नाही. माझा हात धरला. “पैसा बाद में. तू आ. तू दाय है, तू उसको बोल. एक बार बोल. वो सुनेगी.”

मी म्हटलं, “मला तिथे बोलावलेलं नाही गं.”

“मैं बुला रही हूं ना.”

आता लिहिताना मला कळतं की ते बोलावणंच होतं. त्या घरची सून माझ्या दारात येऊन मला बोलावत होती. पण आमच्याकडे बोलावणं सासूचं असतं. आणि खरं सांगायचं तर रीत हे अर्धंच कारण. बाकीचं अर्धं, मला भीती वाटली. मोहल्ल्यात जाऊन, पायरी चढून, चार बायकांसमोर खैरूनबीला सांगायचं की हिला जाऊ दे, ही परत येईल. मी कुणाला असं काही कधी सांगितलेलं नाही. माझ्या स्वतःच्या सुनेलाही नाही. मी उठले नाही. मी पैसे तिच्या पदरात बांधले. तिच्या अंगावर ओढणी होती, म्हणून ओढणीच्या टोकात बांधले आणि वर गाठ मारली.

मग तिकिटाला एवढे पुरायचे नाहीत म्हणून तिने आपल्या कानातलं काढून बघितलं, त्याचे किती येतील असं विचारलं.

दोन दिवसांनी मीच तिला रेवसपर्यंत पोचवलं. खैरूनबी लग्नाला नागावला गेली होती, ती वेळ साधून. एसटीत मुलीला मी मांडीवर घेतलं होतं, सेवदाच्या हातात एक बॅग. धक्क्यावर भाऊच्या धक्क्याची लाँच लागली. ओहोटी होती, पायऱ्या शेवाळलेल्या. तिने मुलीला माझ्याकडून घेतलं आणि म्हणाली, “मैं आएगी वापस.” मी मान हलवली. मला तिच्यावर विश्वास होता. ती परत येणारच होती, आजीला बघून. एवढं खैरूनबीला सांगणं मला जमलं असतं तर पुढचं काहीच झालं नसतं.

खैरूनबी संध्याकाळी घरी आली तर घर रिकामं. तिला कळवायचं कुणी? सेवदाने चिठ्ठी लिहिली असती तर कुठल्या भाषेत? मी जाऊन सांगायला हवं होतं. मी दोन दिवस घरातून बाहेर पडले नाही. तोपर्यंत मोहल्ल्यात झालंच होतं, की मड्डम पोरीला घेऊन पळाली. इरफानचा फोन लागला तेव्हा खैरूनबी रागात म्हणाली, “आता ती या दारात नको.” बाई तोंडाची तिखट, मनाची तशी नाही. पण बोललेला शब्द तिकडे पोचला. सेवदाची आजी वारली, मातीही झाली, आणि ही तिथेच थांबली. दार बंद म्हटल्यावर कुठे येणार? इरफानचा करार संपला, तो घरी न येता परस्पर तिच्याकडे गेला. तिथल्याच बंदरात कुठल्या तरी स्वयंपाकघरात लागला. खैरूनबीची नात, जिची टाळू मी भरली, ती आता तिकडच्या शाळेत जाते.

वर्ष होऊन गेल्यावर खैरूनबीने मला बोलावलं. मोहल्ल्यातला एक पोरगा निरोप घेऊन आला, “दाईला बोलावलंय.” मला धसका बसला. मी गेले. तिने मला मोढा दिला, चहा दिला आणि माझ्यापुढे थोडे पैसे ठेवले. “इरफानने घरखर्चाला पाठवले, त्यातले हे तुझे म्हणून सांगितलं. सईदाने द्यायला लावले.” म्हणजे तिला सगळं कळलं होतं.

खैरूनबीने चहा ढवळला. मग म्हणाली, “तू पैसे दिलेस ते ठीक. मला यायला काय झालं होतं तुला?”

“बोलावलं नव्हतं,” मी म्हटलं.

“दाई, तू माझा इरफान पायावर घेतलास. तू त्या दारात उभी राहून म्हणाली असतीस ना, खैरून, जाऊ दे पोरीला, तर मी स्वतः तिची पेटी भरली असती. माझ्या डोक्यात काय होतं? कुणीतरी जबाबदार माणसाने सांगावं, एवढंच. माझं सांगणारं कोण उरलंय या घरात?”

मी मोहल्ल्यातली दाई, एवढंच मी स्वतःला समजत होते. तिने मला जबाबदार माणूस धरलं होतं, सुनेने आई धरलं होतं. इतक्या देशांत त्या शब्दाचे इतके अर्थ, त्यातला सगळ्यात लहान तेवढा मी उचलला, कारण तो पेलायला सोपा होता.

त्यानंतर इरफानचे पैसे आले की बोलावणं यायचं. “दाईला बोलावलंय.” मी हातपाय धुऊन, निळं लुगडं नेसून जायची. फेडीचे थोडे पैसे, चहा, खारी. खैरूनबी फोनवर नातीचे फोटो दाखवायची. “बघ, नाक कोणाचं? माझं.” “व्हय,” मी म्हणायची. एकदा फोन लावला तेव्हा सेवदा पडद्यावर आली. केस आखूड केलेले. मला बघून थबकली. म्हणाली, “नमस्ते, मावशी.” कुणी शिकवलं असेल तिला मावशी, कोण जाणे. चांगलंच म्हणाली. मी हात जोडले. खैरूनबी तिच्याशी आता बोलते. भात खाल्लास का, थंडी हाय का, असं. ये मात्र म्हणत नाही. ती येते असंही म्हणत नाही.

गेल्या महिन्यात पुन्हा बोलावणं आलं. गणपतीचे पाहुणे नुकतेच गेले होते, मी जाताना खैरूनबीसाठी थोडे मोदक नेले. तिने ते बाजूला ठेवले आणि नोटा काढल्या. इतक्या दिवसांत माझ्या लक्षातच आलं नव्हतं की हे कधीतरी संपायचं आहे. नोटा हातात घेतल्या आणि मला कळलं. पत्र्यांचे जेवढे होते तेवढे झाले.

खैरूनबीने माझ्याकडे बघितलं. तिलाही ठाऊक होतं. गुडघ्यावर हात टेकून ती म्हणाली, “झाले काय गं सगळे? का राहिलेत अजून थोडे? नीट आठव. राहिले असतील तर मी सांगते इरफानला.”

ती मला काय विचारत होती ते मला कळलं. अगदी नीट कळलं. बाहेर खिडकीवर ऊन आलं होतं, न्हाण्याची वेळ होती. नुसतं हो म्हणायचं होतं, बोलावणं येतच राहिलं असतं.

“नाही, खैरूनबी,” मी म्हटलं. “सगळे आले. आता काही राहिलं नाही.”

तिने माझा रिकामा कप उचलला. मी नोटा पदरात बांधल्या, वर गाठ मारली आणि पायरी उतरले.